बायकांचं कुंड

"बायांनो, आटपलं का?" कंत्राटदाराने भिंतीपलीकडून पुन्हा विचारले.

"पाठ चोळायची राहिलीय, दादा!" गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडालेल्या शेवंताकाकू ओरडल्या. बायका खळखळून हसल्या.

काठावर उभ्या असलेल्या इतिहासाच्या प्राध्यापिका खांबेटेबाई थक्क झाल्या. काळ्या पाषाणाचे हे शेकडो वर्षांचे स्नानगृह फोडून गुलाबी फरश्या बसवण्याला एका विद्वान समितीने 'सुशोभीकरण' असे नाव दिले होते. त्याविरुद्ध बाईंनी सप्रमाण निबंध लिहिले; समितीने चहा पाजून आभार मानले. इथे मात्र, बायका नाहत असताना पुरुषाने आत पाऊल टाकू नये, एवढ्या एका रिवाजाच्या बळावर गावच्या बायकांनी सकाळपासून आळीपाळीने नाहून कुदळी दाराबाहेर रोखल्या होत्या. इतका बिनतोड युक्तिवाद बाईंच्या वाचनात आला नव्हता.

"आम्हाला चुलीकडे जायला हवं, बाई," काकू कुजबुजल्या. "खालच्या वाडीतल्या येईस्तोवर कुंड रिकामं पडेल."

खांबेटेबाईंनी चष्मा कोनाड्यात ठेवला, पदर खोचला आणि त्या वाफाळत्या पाण्यात उतरल्या.

बाहेरून हाक आली, "आता तरी आटपलं?"

"थांबा," व्याख्यानाच्या खणखणीत आवाजात उत्तर गेले, "मी आत्ताच उतरलेय."