बारावं पेर

मधुमतीबाईंचा अंगठा दहाव्या पेरावर होता, तेव्हा ती बाई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

त्यांचा उजवा हात ब्लॅकजॅकच्या टेबलाखाली, मांडीवरच्या पर्सआड होता. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता पडला की अंगठा एक पेर पुढे. दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की एक पेर मागे. बोटांची बारा पेरं भरली की समजायचं, मोठे पत्ते अजून पेटीतच आहेत. मग पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायचा, बाकी काही करायचं नाही. ठाण्याच्या सोसायटीत मेंढीकोटाला त्यांच्याविरुद्ध बसायला लोक घाबरत. इथे कॅसिनोत पत्त्यांचे आठ कॅट एकत्र असले तरी त्यात काय मोठंसं, असं त्याच म्हणाल्या होत्या.

त्यांचा मुलगा पद्मनाभ दोन टेबलं सोडून त्या खुणेची वाट बघत होता. खिशात वीस हजार डॉलरच्या चकत्या होत्या. पैसे त्याच्या बायकोने, सुलेखाने, पुण्यातल्या फ्लॅटसाठी साठवलेले. सुलेखा या घटकेला चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात होती आणि नवरा रजा काढून आईला लिटिल इंडियात भाजीला घेऊन गेलाय, अशा समजुतीत होती.

पत्ते मोजायची विद्या आता मेली, असं पद्मनाभला चारचौघांनी सांगितलं होतं. बहुतेक टेबलांवर पत्ते यंत्रच पिसतं, छतभर कॅमेरे असतात, आणि कुणी एकदम बाजी वाढवली की त्याला गोड बोलून दार दाखवतात. ते त्याला पटलंही होतं. पण हाताने पिसायची दोन-तीन टेबलं अजून होती, आणि साडी नेसलेल्या बहात्तर वर्षांच्या बाईकडे कोण बघतंय, हा त्याचा स्वतःचा शोध होता. सुलेखाने आणलेला कुडता सासूबाईंनी आल्या दिवशीच कपाटात टाकला होता, पदराशिवाय उघडं वाटतं म्हणून. तेच आता कामाला आलं होतं. शहाणा माणूस वेडेपणा करायला निघाला की आखणी अगदी चोख करतो.

शेजारी उभ्या राहिलेल्या बाईच्या कोटावर कॅसिनोचा बिल्ला होता. ती वाकून हळूच म्हणाली, "आंटी, यू काउंटिंग समथिंग आह?"

मधुमतीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "राम," त्या म्हणाल्या. "गॉड. गॉड्स नेम." आणि खरं वाटावं म्हणून ओठ हलवून रामनाम घ्यायलाच लागल्या. बाई हसली. आपली आजीही अशीच करायची, म्हणाली. पण तिथून हलली नाही.

डीलर पत्ते वाटत राहिला. पंजी, राणी, तिर्री, पुन्हा तिर्री. मधुमतीबाईंना सगळं दिसत होतं, अंगठाही चालत होता, पण आता तो पत्त्यांसाठी चालत नव्हता. चाळीस वर्षं रोज सकाळी चालायचा तसा, एका नामाला एक पेर, तो आपल्या वाटेने निघाला होता. आधी दहा होते की सात? त्यांना आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्या पत्ते विसरल्या होत्या. मग मात्र त्यांनी खोटं खोटं नाही, अगदी मनापासून नाम घेतलं. डोळे मिटले, आणि देवापुढे बसल्यावर जे आपसूक होतं तेच डाव्या हाताने केलं. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

डोळे उघडले तेव्हा पद्मनाभ त्याच टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसला होता आणि सगळ्या चकत्या त्याच्या पुढ्यातल्या वर्तुळात होत्या. ठरल्याप्रमाणे तो त्यांच्याकडे बघत नव्हता. 'नको' हा शब्द त्यांच्या घशाशी आला. बोललं तर मुलगा सापडणार होता, आणि गप्प बसलं तर सुलेखाचं घर जाणार होतं. शेजारची बाई अजून उभीच होती. मधुमतीबाई गप्प बसल्या.

त्याला नव्वी आली, डीलरला राजा. मग त्याला सत्ती. सोळा. आणखी पत्ता घ्यावा आणि बेरीज एकविसाच्या वर जावी, तर सगळंच गेलं. पेटीत मोठे पत्तेच उरलेत या भरवशावर पद्मनाभ थांबला. डीलरने आपला दुसरा पत्ता काढला, छक्की. त्यालाही सोळा झाले, पण सतरा होईपर्यंत त्याला थांबायची मुभा नसते. त्याने तिसरा काढला.

राणी. डीलरचे सव्वीस झाले. तो हरला होता.

सेम्बावांगला घरी परतताना एमआरटीच्या मेट्रोगाडीत पद्मनाभ आईला चिकटून बसला होता. विद्या मेली म्हणणाऱ्यांना काही कळत नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मधुमतीबाईंनी त्याचा हात घट्ट धरला.

"पद्मू, मी मोजत नव्हते रे. माझं सगळं चुकलं होतं. पदर नुसता सवयीने घेतला."

पद्मनाभने त्यांच्याकडे बघितलं आणि तो हसला. "आई, राणीच आली ना? मग चुकलं कसं?" आणि आवाज उतरवून म्हणाला, "उद्या चाळीस हजार लावू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॅसिनोच्या दारात दाखवायचे दोघांचे पासपोर्ट हातात घेऊन दाराशी उभा राहिला. सुलेखा ऑफिसला गेली होती. त्याने दोनदा हाक मारली, तेव्हा मधुमतीबाई आतून आल्या.

त्यांनी तो कुडता घातला होता. ओढणीसुद्धा घेतली नव्हती. संकोचाने दोन्ही हात छातीशी घट्ट दुमडून त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "भाजीला जायचंय ना?"