दोघींतली नक्कल

“तुमच्यातली नक्कल कोण?” कंपनीच्या माणसानं विचारलं.

“मी,” ती म्हणाली. समोरच्या खुर्चीतून तिच्याच आवाजात आलं, “मी.”

आई अंथरुणाला खिळल्यावर एकटीला झेपेना, म्हणून वर्षापूर्वी त्या कंपनीच्या यंत्रातून एकीच्या दोघी झाल्या होत्या. आठवणी त्याच, कंबरदुखीही तीच. सुरुवातीला दोघी ‘मूळ मीच’ म्हणून कडाकडा भांडल्या होत्या. आज करार संपला होता. नक्कल कायमची झोपवायची होती, आणि झोप तर दोघींनाही हवी होती.

आतून आईनं वाटीवर चमचा वाजवला. उठेल ती मूळ, हे दोघींना न बोलता कळलं. ती पायाची बोटं फरशीवर रोवून बसली. समोरचीही बसून राहिली. चमचा पुन्हा वाजला, आणि तिचे पाय आपसूक आत निघाले.

ती आईची हनुवटी पुसत होती, तेवढ्यात दुसरी दारात आली. आज काय होणार, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी नेहमीसारखंच म्हणाली, “येते गं आई.”

“लवकर ये गं,” आई म्हणाली. “हिला एकटीला झेपत नाही.”