निरोपाची दोन भाषणं

सभागृह भरलं होतं आणि ती मागच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची धरून बसली होती. व्यासपीठावर नवा व्यवस्थापक निवृत्त होणाऱ्या साहेबांचं कौतुक करत होता. एकेक वाक्य तिला पाठ होतं. असणारच, ते तिनेच लिहून दिलं होतं. गंमत म्हणजे साहेब जे उत्तर देणार होते, तेही तिचंच. कंपनीने एक काम दिलं, चार दिवसांनी साहेबांनी गुपचूप दुसरं. तिने याचं त्याला कळू दिलं नाही. दुसऱ्यांसाठी लिहिणाऱ्याला एवढं तोंड बंद ठेवावंच लागतं.

पंधरा वर्षांपूर्वी ती याच इमारतीत, साहेबांच्या प्रसिद्धी विभागात होती. काय दिवस होते ते! साहेब तिच्या प्रत्येक मजकुराचा पहिला परिच्छेद न वाचताच खोडायचे. "हा नुसता घसा साफ करायला लिहिलायस. आता बोल." तिला रडू यायचं, आणि मजकूर मात्र सुधारलेला असायचा. नोकरी सोडून स्वतःच कामं घेणार, असं तिने सांगितलं तेव्हा ते खेकसले होते, "तीन महिन्यांत परत येशील!"

तीन महिने खरंच एकही काम आलं नाही. चौथ्या महिन्यात याच कंपनीच्या गृहपत्रिकेचं काम घरी चालून आलं. कुणाच्या शब्दावरून, ते तिला न सांगताच कळलं. मग तिने मागे वळून पाहिलं नाही. भाषणं, माहितीपत्रकं, अध्यक्षांचे संदेश, ढीगभर लिहिलं. तिचं नाव एकावरही नाही. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण आज हवं होतं. साहेबांच्या तोंडून, एकदाच, चारचौघांत: ही माझ्या हाताखाली तयार झाली.

ते वाक्य तिने त्यांच्या भाषणात लिहिलंही होतं, मग खोडलं. आपलं कौतुक आपणच दुसऱ्याच्या तोंडी घालायचं, याची तिला लाज वाटली. वाटलं तर म्हणतील की स्वतः.

साहेब उठले. कागदावरून वाचत त्यांनी शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. शेवटच्या पानाच्या तळाशी येऊन थांबले. चष्मा सारखा केला. ती खुर्चीत पुढे सरकली. त्यांनी पान उलटून मागची कोरी बाजू पाहिली, आणि नमस्कार करून बसले. टाळ्या झाल्या. तिनेही वाजवल्या. डोळे भरून आले म्हणून पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिली.

बाहेर जिन्यापाशी साहेबांनी तिला गाठलं.

"काय गं, तुझं नाव कुठे घातलंस?"

"माझं?"

"घरी तीनदा शोधलं. म्हटलं, पानाच्या मागे असेल. तिथेही नाही!"

"मला वाटलं, तुम्ही आपणहून बोलाल."

साहेबांनी पुष्पगुच्छ या काखेतून त्या काखेत घेतला.

"अगं, आपणहून बोलता आलं असतं," ते म्हणाले, "तर तुला कशाला लिहायला सांगितलं असतं?"