काठोकाठ

“अजून ओता. काठ दिसता कामा नये!” चोल्वे ओरडला.

चर्चसमोरच्या चिंचेखाली टब मांडले होते. बायका हसत होत्या, पण ओतत होत्या. चोल्वे घटकेघटकेला रस्त्याकडे बघत होता. शहरातल्या युवा मिशनमध्ये तो दुभाष्या होता आणि मिशनची पाहुणी मंडळी आज पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या गावात येत होती. नॉर्वेची ही पोरं-पोरी दर वर्षी येतात. गाणी म्हणतात, भिंती रंगवतात आणि जाताना येशूने शिष्यांचे धुतले तसे गावातल्या म्हाताऱ्यांचे पाय धुतात. यंदा मिशन एक बोअरवेलही खणून देणार होतं. ती या गावाला द्यायची की डोंगरापलीकडच्या, हे त्यांची म्होरकी सिग्रिड आज ठरवणार होती.

“पाणी मागायचंय आणि पाण्याचे टब भरून दाखवायचे होय रे?” एका म्हातारीने विचारलं.

“मग काय अर्धे टब ठेवू पाहुण्यांपुढे?”

म्हातारीने आपली घागर टबात रिकामी केली. त्या गावात पाहुण्यापुढे अर्धं भांडं कुणी ठेवत नाही. घरात पोरं उपाशी असली तरी नाही.

“नवऱ्याने जन्मात कधी माझे पाय धुतले नाहीत,” दुसरी म्हणाली. “आता गोरी पोर धुणार म्हणे. मेला वरून बघत असेल तर पुन्हा मरेल!”

चोल्वेला हसू आलं नाही. त्याची मावशी कुठेच दिसत नव्हती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. पहिल्या रांगेत बस म्हणून काल त्याने दहादा बजावलं होतं आणि बाईसाहेबांचा पहाटेपासून पत्ता नाही! ऐन वेळी माझी शोभा करणार ही, तो मनात म्हणाला.

गाडी आली. गाणी झाली. सिग्रिडने गुडघे टेकून, हलक्या टाळ्या वाजवत, अगदी गावच्या रीतीने म्हाताऱ्यांना नमस्कार केला. बायका खूश झाल्या. पोरगी मनाची चांगली होती, त्यात वादच नाही. मग तिची नजर टबांवर गेली. तिने एका टबात हात बुडवला आणि तिचा चेहरा उजळला.

“चोल्वे, देवाची कृपा आहे रे तुझ्या गावावर! मला तर सांगितलं होतं की ऑक्टोबरात, पावसाळ्याच्या आधी, इथे थेंब मिळत नाही. हे बघ, केवढं पाणी! मग बोअरवेल पलीकडच्यांनाच देऊया ना? त्यांची गरज मोठी दिसते.”

चोल्वेने टबांकडे पाहिलं. हे गावाचं प्यायचं पाणी आहे, हे सांगायला हवं होतं. नदी कधीच आटली आहे, बायका तिच्या वाळूत खड्डा खणून आत उतरतात, पाणी झिरपेपर्यंत तळाशी बसून राहतात, हेही सांगायला हवं होतं. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? टब तर त्यानेच भरवले होते.

“हो,” तो म्हणाला.

“काय म्हणते रे पाहुणी?” रांगेतून आवाज आला.

“म्हणते, पाहुणचार फार आवडला.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकताना चोल्वेला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

पाय धुणं सुरू झालं. बायकांनी घरूनच पाय पुसून, तेल चोपडून आणले होते. घाणेरडे पाय पाहुणीच्या हातात द्यायचे कसे? सिग्रिड एकेक लखलखीत पाऊल पाण्यात घेई, हळुवार चोळी, टॉवेलने टिपी आणि प्रार्थना म्हणे. धुतलेलं पाणी चिंचेच्या बुंध्याशी ओतलं जाई. प्रत्येक टब रिकामा होताना बायकांच्या माना त्या बाजूला वळत आणि पुन्हा सरळ होत. चोल्वे प्रार्थनेचं भाषांतर करत राहिला.

तेवढ्यात चर्चच्या मागून मावशी आली. डोक्यावरची बादली टबांपाशी उतरवताना धापा टाकत होती. शेवटच्या स्टुलावर टेकली आणि कमरेचं कापड खाली ओढून तिने पाय झाकून घेतले. चोल्वेने डोळे वटारले. मावशीने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

सिग्रिडने तिच्यापुढे बसून हळूच कापड बाजूला सारलं. पाय गुडघ्यापर्यंत ओल्या वाळूने माखले होते. अंगठ्याचं नख अर्धं निघालं होतं.

“अरे देवा! चोल्वे, विचार ना यांना, आजच्या दिवशी एवढ्या कुठे राबायला गेल्या होत्या?”

चोल्वेने विचारलं. मावशी खाली मान घालून पुटपुटली आणि पाय मागे घेऊ लागली.

“काय म्हणाल्या?”

‘शेतात गेली होती.’ तेवढं म्हटलं की झालं असतं. दिवस गोड झाला असता, गावाची इज्जत राहिली असती, त्याची नोकरीही. त्याने मावशीकडे पाहिलं. लाजेने तिचा चेहरा एवढासा झाला होता. लाज हिला वाटावी? हिला?

तो मावशीच्या शेजारी जमिनीवर बसला. डोळे पुसले, पण आवाज सावरला नाही.

“ती म्हणते, पाय घाण आहेत, माफ कर. तू पाय धुणार होतीस ना, त्याला पाणी कमी पडत होतं. ते आणायला ती नदीच्या खड्ड्यात उतरली होती.”