चारही वर्तुळं भरल्यावर

सोमवारी दुपारी चार वाजता भिंतीपलीकडचा माणूस थंडीनं मेला. चार वाजून दोन मिनिटांनी तो पुन्हा खोकला.

क्लेटन बुशेनं सूपचा चमचा खाली ठेवला. कॅनडातल्या व्हाइटहॉर्समध्ये डिसेंबरात माणसं थंडीनं मरतात, त्यात नवल नव्हतं. पण मेल्यावर दोन मिनिटांत कुणी खोकत नाही. सापळे लावत जंगलात काढलेल्या चाळीस वर्षांत त्यानं तरी पाहिलं नव्हतं. त्यानं जाऊन शेजारचं दार वाजवलं.

मॅव्हिस पेट्रिकनं दार उघडलं. सत्तरीची बाई, ऑक्टोबरात राहायला आलेली, आजवर त्याच्याशी लिफ्टमध्ये फक्त हवामानावर बोललेली.

"आत कुणाला मदत हवीय का?"

"हवीय. त्याला लांडग्यानं खाल्लं. नाही, चुकले, ते शुक्रवारी. आज तो गोठला."

टेबलावर संगणक होता. पडद्यावर बर्फ, काळी झाडं आणि कोपऱ्यात 'दिवस पहिला'. गेममध्ये एकच माणूस. त्याला नाव नाही, चेहरा नाही. दिसतात फक्त हातमोजे, आणि ऐकू येतो आवाज. तो मेला की सगळं पुसलं जातं आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात. पडद्याच्या खाली चार वर्तुळं : ऊब, अन्न, पाणी, झोप.

"मला एवढंच हवंय," मॅव्हिस म्हणाली. "चारही वर्तुळं काठोकाठ. एकाच वेळी."

"मग काय मिळतं?"

"मिळत काही नाही. तो काहीतरी बोलेल. गारठला की बोलतो, उपाशी असला की बोलतो. सुखात काय बोलतो, ते मला ऐकायचंय."

क्लेटनला ही मागणी फारच किरकोळ वाटली. मग त्यानं तिला खेळताना पाहिलं.

"अहो बाई, डोळे मिटून कोण शिकार करतं?"

"मी ऐकतेय."

"लांडगापण ऐकतोय!"

पडद्यावरचा माणूस एकोणिसाव्यांदा मेला. क्लेटनला हा स्वतःच्या धंद्याचा अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मूस हरणाच्या मांसाच्या रश्श्याची बरणी घेऊन हजर झाला. दाराशी मोठाले पुरुषी बूट होते, कोरडे ठणठणीत. त्यानं आपले ओले बूट त्यांच्या शेजारी ठेवले.

"आधी त्याला टोपी घाला."

"तो टोपी घालत नाही."

"गेममध्ये घालता येते. ही बघा, पेटीत पडलीय."

मॅव्हिस टोपीकडे बघत राहिली. "घालून घेईल?"

"बटण दाबलं की घालतो."

"इतकं सोपं," ती म्हणाली.

त्यानंतर रोज शिकवणी झाली. वाऱ्याकडे पाठ करा. ओलं लाकूड आधी शेगडीपाशी सुकवा. तळ्यावरचा बर्फ कुरकुरला की मागं फिरा. मॅव्हिस नीट ऐकायची. त्या माणसानं "बोटं जाणवत नाहीयेत" म्हणायच्या क्षणभर आधी तिचे ओठ तेच म्हणत हलायचे. एकोणीस वेळा मेल्यावर कुणाचंही पाठ होईल, असं क्लेटनला वाटलं.

गेममधल्या विसाव्या दिवशी त्या माणसाला पक्की झोपडी मिळाली. तिसाव्या दिवशी अस्वलाच्या कातड्याचा कोट. क्लेटन हात धुवायला गेला आणि परत आला, तर झोपडीतली शेगडी विझलेली.

"कुणी विझवली?"

"मी. नऊ दिवस गप्प होता."

"धडधाकट माणूस गप्पच असतो. माझ्या दोन्ही बायकांची तीच तक्रार होती."

"गार वाटतंय," पडद्यावरचा माणूस म्हणाला.

मॅव्हिसचा चेहरा उजळला. मग तिला लाज वाटली असावी, कारण तिनं घाईघाईनं शेगडी पेटवली. "नाही हं," ती पडद्याला म्हणाली. "परत नाही करणार."

आणि परत केलंही नाही. आता ती डोळे उघडे ठेवून खेळायची.

चौपन्नाव्या दिवशी सगळं जुळून आलं. शेगडी ढणढणत होती. तो माणूस बारा तास झोपला, उठून मासे खाऊन गरम पाणी प्यायला. पहिलं वर्तुळ भरलं, दुसरं भरलं, झोपेचं आधीच भरलेलं. पाण्याचं भरता भरता क्लेटननं श्वास रोखून धरला.

चारही काठोकाठ.

मॅव्हिसनं आवाज शेवटपर्यंत वाढवला. शेगडीत लाकूड तडकलं. एक मिनिट गेलं. चार मिनिटं गेली. अन्नाचं वर्तुळ केसभर रिकामं झालं.

"श्वास चालू आहे," क्लेटन हळूच म्हणाला.

"ते ऐकलं मी." तिनं चष्मा पुसला. "सुखात काय बोलायचं, ते कुणी त्याच्याकडून बोलून घेतलंच नाही."

"कंपनीला लिहू या. सूचनांचा रकाना असतो त्यांच्याकडं. तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

तो दोन बोटांनी टाइप करायला लागला. मॅव्हिस मान ताठ करून सांगत गेली. गेल्या काही महिन्यांत तिनं बरेच अर्ज भरले असावेत. भाषा तिच्या जिभेवर तयार होती.

"विषय : पात्राच्या तोंडी एक वाक्य वाढवण्याबाबत. महोदय, ऊब, अन्न, पाणी आणि झोप पूर्ण असताना आपले पात्र काहीही बोलत नाही. तरी एक समाधानाचे वाक्य ध्वनिमुद्रित करून जोडावे, ही विनंती. वाक्य कोणतेही चालेल, आवाज दुसरा चालणार नाही. मूळ कलाकार श्री. ह्यू पेट्रिक, माझे पती, गेल्या सप्टेंबरपासून येथील टेकडीवरच्या दफनभूमीत, तिसऱ्या ओळीत आहेत. कृपया त्यांच्याशी तेथेच संपर्क साधावा."