कुंपणाचा खर्ज

वारा सुटला आणि कुंपण गायला लागलं.

खरंच! आधी पंचम आला, माळाच्या पार त्या टोकाकडून, झोपेत कुणी हुंकार द्यावा तसा. मग षड्ज. मग दुसरा षड्ज, पहिल्याला अगदी चिकटून. आणि सगळ्यात शेवटी, जमिनीलगतच्या तारेतून, खर्ज. तो तळपायांना ऐकू आला.

मकरंदने पक्कड खिशात घातली आणि डोळे मिटले.

कँटरबरीचा माळ म्हणजे इतका सपाट, की त्यावर गोटी टाकली तर कुठे घरंगळायचं हे तिचं तिलाच कळू नये. लांब आल्प्स, दक्षिण गोलार्धातले, त्यांच्यावर ढगांची एकच मोठ्ठी कमान, आणि कमानीखालून येणारा तो गरम, वेडा नॉर-वेस्टर वारा. गवत, मेंढ्या, आकाश, सगळंच जमिनीपासून जरासं सुटून तरंगत होतं.

कांचन यूटच्या, म्हणजे त्यांच्या छोट्या उघड्या ट्रकच्या, मागच्या फळीवर बसून थर्मासमधला चहा ओतत होती. आज तिला हॉस्पिटलला सुट्टी होती, म्हणून नवऱ्याबरोबर आली होती, त्याने घातलेलं नवं कुंपण बघायला. ऐकायला मिळेल हे तिला कुठे माहीत?

"अहो, हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"काय?"

"काय म्हणे! आता तंबोऱ्यासारखी जवारी काढायची तेवढी राहिली या कुंपणाची."

मकरंद हसला. डोळे मात्र उघडले नाहीत. "मीटर लावून ताण बघायचा असतो गं. मी खालच्या चार तारा कानानेच ताणल्या. मिरजेत जन्म तंबोरे करण्यात गेला, हात दुसरीकडे जाणार कुठे?"

त्याचा स्वतःचा तंबोरा इथल्या कोरड्या हवेत पहिल्याच उन्हाळ्यात उकलला होता. भोपळ्याला उभी चीर. त्यानंतर मकरंद एकदाही गायला नव्हता. कांचनने फोनवर तंबोऱ्याचं ॲप घालून दिलं, तर म्हणाला, "याला वारा लागत नाही."

आज तो गायला.

पहिला षड्ज गंजलेल्या फाटकासारखा करकरला. दुसरा सरळ उभा राहिला. मग आवाज निघाला तो निघालाच, सात तारांवरून, गवतावरून, थेट त्या ढगांच्या कमानीपर्यंत. मेंढ्यांनी चरायचं थांबवून माना वर केल्या. कांचनच्या कपातला चहा वाऱ्याने उडून तिच्या ड्रेसवर सांडत होता आणि तिचं लक्षच नव्हतं. असा माणूस आपल्या घरात राहतो, हे ती विसरूनच गेली होती.

मग तिला एक कोकरू दिसलं. कुंपणाच्या चुकीच्या बाजूला.

मागून दुसरं आलं. त्याने खालच्या तारेला डोक्याने उचललं, आरामात, पडदा सरकवावा तसं, आणि बाहेर! खर्जाची तार ढिली होती. ढिली असल्याशिवाय खर्ज लागतो थोडाच? तिसरं आलं. पुढे रस्ता होता, आणि रस्त्यावरून दुधाचा टँकर येत होता.

"अहो! कोकरं!"

कांचन पळत सुटली. पायातली एक रबरी जँडल निसटून तिथेच राहिली. मकरंद डोळे उघडून तिच्या मागे धावला, दोन्ही हात पसरून, "हुर्र, हुर्र" करत. टँकरने ब्रेक मारला, एवढा मोठा भोंगा वाजवला, आणि कोकरं घाबरून वळली ती थेट मेंढ्यांच्या मालकिणीच्या, जोनच्या पायात. ती चारचाकी क्वाडबाइकवरून तिथे पोचलीच होती. तिने एकाला काखोटीला मारलं, बाकीच्यांना फाटकातून आत हाकललं. मग येऊन बुटाने खालची तार दाबली. तार लगेच खाली गेली. मकरंदला ती मॅकच म्हणायची.

"मॅक, बाकी कुंपण स्वीट ॲज, एकदम झकास. ही ढिली कशी राहिली?"

विसरलो म्हणता आलं असतं. कांचन त्याच्याकडे बघत होती.

"राहिली नाही. मीच ठेवली," तो म्हणाला. "आवाजासाठी."

जोनने क्वाडचं इंजिन बंद केलं. थोडा वेळ ऐकलं.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण माझी कोकरं मरतील, मॅक."

"हो."

त्याने तारेला ताण द्यायचा स्ट्रेनर लावला. हँडल फिरवायला लागला. खर्ज वर चढला, भरकटला, किंचाळला, आणि शेवटी डासासारखी एक बारीक गुणगुण उरली. पंचम चालूच होता, दोन्ही षड्ज चालूच होते, पण त्यांच्या खाली काहीच नव्हतं. पायाच काढून घेतलेलं घर जसं. मकरंदने तार ओढून पाहिली. घट्ट. तो खाली मान घालून हत्यारं गोळा करू लागला. झालं, आता हा परत गप्प, कांचनला कळलं. कदाचित कायमचा.

आणि मग त्याच्या पाठीमागून खर्ज आला.

फार खालचा नव्हता. धावून धाप लागलेली, त्यामुळे थरथरत होता. मकरंदने वळून पाहिलं. कांचन एका खांबाला धरून उभी होती, एक पाय अनवाणी, डोळे गच्च मिटलेले, ओठ बंद. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आरतीतसुद्धा ही बाई नुसत्या टाळ्या वाजवायची!

"कांचन, अगं, तू?"

उत्तर दिलं असतं तर सूर तुटला असता. तिचा चेहरा लाल होत चालला होता, दम संपत आला होता. तिने नुसता हात झटकला, कोकरं हाकलताना झटकतात तसा. गा. गा ना!