आधी कोण वाकणार

नम्रतेत बस्त्यावचा हात धरणारा वसईत कोणी नव्हता. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. फक्त विहिरीवरून भांडलेल्या धाकट्या भावाशी, पास्कूशी, तो नऊ वर्षं बोलला नव्हता.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा या दोघांना समोरासमोर बसवून, मध्ये घंगाळ ठेवून ते म्हणाले, "आज एकमेकांचे पाय धुवा आणि माफी मागा."

बस्त्यावला खरंच गहिवरून आलं. तो वाकला. पास्कूही वाकला.

"दादा, पाय दे."

"आधी तू दे. मी मोठा, माफी मीच आधी मागणार."

"विहिरीवर पहिला हक्क तुझा, आता माफीवरही?"

"पास्कू, पाय इकडे कर!"

दोघांनी एकमेकांचे पाय ओढले आणि घंगाळ शेजारी उभ्या फादरांकडे कलंडलं. भिजले ते फक्त फादर.